सासूबाईंचा शालू आणि टेकडीवरची तार

गुढी उतरायच्या आत कुणी उत्तर दिलं तर डबा घरात राहील, नाहीतर डबा घराबाहेर, असा सासूबाईंनी निकाल लावला आणि मी मनातल्या मनात हात जोडले, की देवा कुणी बोलू नको देऊस, अख्ख्या हिंदुस्थानात कुणीसुद्धा बोलू नको देऊस.

डबा म्हणजे यांचा वायरलेसचा सेट. हे रेल्वेच्या तारघरात आहेत, दिवसभर तिथे टिकटिक करतात, गाडी सुटली, गाडी आली, मालडबा अडला, आणि घरी येऊन परत टिकटिक. तारघरातली टिकटिक तारेतून जाते, घरातली हवेतून जाते, एवढाच फरक, असं हे मला सांगतात आणि मला त्याचीच तर भीती वाटते. तारेतून जाते तर ठीक आहे, तार कुठे आहे ते दिसतं. हवेतून कुठून जाते ते कसं कळणार? मी तिथेच बसलेली असते, बाळ तिथेच असतं, आमच्यामधूनच जात असेल ना? हे म्हणाले, हो, जातेच. असं हसत हसत म्हणाले. त्या दिवशी मी बाळाला दोनदा आंघोळ घातली.

मिलिटरीच्या भंगारातून सामान आणून यांनी तो सेट स्वतः बनवला, परीक्षा दिली, दिल्लीहून लायसन आलं, सरकारने अक्षरं आणि आकडे मिळून एक नंबर दिला, तेच म्हणे यांचं हवेतलं नाव. एवढं सगळं झालं आणि उत्तर मात्र कुणाचं नाही. आमचं क्वार्टर यार्डाला लागून, कारखान्यात वेल्डिंग चालतं, त्यामुळे सेटमध्ये नुसती खरखर, जशी काही कढईत कुरडई तळतोय. महिने गेले. हे रोज आपलं नाव हवेत टाकायचे आणि रोज कुणीच उचलायचं नाही.

मग बाळ रांगायला लागलं. एक दिवस मी दूध बघायला गेले आणि येऊन बघते तर बाळाच्या तोंडात लाल वायर, लाळ गळतेय, आणि दुसरं टोक डब्यात. बटण बंद होतं म्हणून वाचलो. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे गार्डसाहेब झेंडी घेऊन धावत आले. तेव्हापासून माझं एकच म्हणणं, हा डबा जाऊ द्या. सासूबाईंचं पण तेच, कारण त्या टेबलाच्या जागी त्यांना पाळणा हवा होता. हे बिचारे एकटे पडले. म्हणाले, "आई, खरखर नसेल तिथे मला एकदा बघू दे. टेकडीवर नेतो. एकदाच. सुट्टी पाडव्याची आहे."

"आणि उंच काठी कुठून आणशील?"

हे कोपऱ्यातल्या बांबूकडे बघायला लागले. घरात उंच बांबू एकच, गुढीचा.

"बिलकुल नाही," सासूबाई म्हणाल्या. "पाडव्याला आमच्या घरी गुढी नाही असं कधी झालं नाही. इथे झांशीत येऊन आम्हाला एवढी वर्षं झाली, आमच्या पोरांना धड मराठी येत नाही, पण गुढी चुकली नाही."

"मग गुढीच वर नेऊ ना आई. टेकडीवर उभारू. घरापेक्षा उंच."

माझी आशा होती की सासूबाई आता चिडतील. पण त्या विचारात पडल्या. उंच म्हटल्याबरोबर पडल्या. इथून पुढे मोठ नावाचं गाव आहे, तिथे त्यांची नणंद राहते, तिच्या घराला गच्ची आहे आणि तिची गुढी दर वर्षी बाजारातून दिसते म्हणे. सासूबाईंनी थोडा वेळ सुपारी चघळली आणि मग तो निकाल लावला, जो मी सुरुवातीला सांगितला. वर एक अट, गुढी एकदा उभी राहिली की सूर्य बुडायच्या वेळेलाच उतरणार, मधे कुणी खाली घ्यायची नाही. आणि साडी त्या त्यांचीच देणार, लग्नातला शालू.

सकाळी टांगा आला. टांग्यात सासूबाई, मी, बाळ, पुरणपोळ्यांचा डबा, तो डबा, मोटारीची बॅटरी, तारांचं वेटोळं, कडुलिंबाचा डहाळा, तांब्या आणि पुढून मागून निघालेला बांबू. बॅटरीत तेजाब असतं हे मला माहीत होतं, त्यामुळे मी पाय वर घेऊन बसले, बाळाला आणखी वर धरलं. टांगेवाला बघून म्हणाला, "काए बाबूजी, तंबू तानबे जा रए का?"

"नाही भैया, रेडिओ," हे म्हणाले.

"सो रेडिओ लुगरा पहिनत का?" त्याने शालूकडे बघून विचारलं. सासूबाईंनी त्याला असं बघितलं की तो टेकडीपर्यंत घोड्याशीच बोलत राहिला.

टेकडी म्हणजे आपल्याकडची असते तशी, मोठमोठे गोल दगड एकावर एक, मधे काटेरी झुडपं, अर्ध्या वाटेवर देवीचं छोटं देऊळ. यांनी बॅटरी जुन्या धोतरात बांधून पाठीवर घेतली, सेट पोटावर. पुढून मागून दोन्हीकडून वजन, त्यामुळे हे पडणार असं वाटायचं पण कुठल्या बाजूला ते कळायचं नाही. सासूबाई बांबूचं एक टोक धरून पुढे, मी दुसरं टोक धरून मागे, कडेवर बाळ, आणि सासूबाई वळल्या की बांबू मला ढकलायचा. मी म्हणायचे, "आई, हळू!" त्या म्हणायच्या, "मी हळूच आहे, तूच जल्दी करतेस." मला धाप लागली होती, दगडाखाली साप असेल असं वाटत होतं, वर माकडं होती, आणि माकडांनी बाळ नेलं तर काय असा विचार आला म्हणून मी बाळाला पदराने स्वतःशी बांधूनच टाकलं.

वर पोचल्यावर यांनी बांबूच्या टोकाला तार बांधली, उघडी तांब्याची, मधोमध एक चिनीमातीचा तुकडा, त्याच्या दोन बाजूंना दोन तारा, त्या दोन्हीकडे उतरत्या नेऊन झुडपांना दोरीने बांधायच्या. मग सासूबाईंनी त्याच टोकाला शालू बांधला, कडुलिंब बांधला, आंब्याची पानं, बत्ताशांची माळ, वरून तांब्या उपडा. आम्ही तिघांनी मिळून ती उभी केली आणि बांबूचं बूड दगडांच्या फटीत घट्ट बसवलं. खरं सांगते, छान दिसली. शालू एवढा लांब की खालचं टोक माझ्या डोक्याच्या थोडंच वर. खाली पूर्ण झांशी, यार्डात इंजिनं धूर सोडत होती. सासूबाईंनी डोळ्यावर हात धरून विचारलं, "मोठ कुठल्या बाजूला?" यांनी दाखवलं. त्या त्या बाजूला बघून खूष झाल्या.

पूजा झाली, कडुलिंब-गूळ झाला. हे मांडी घालून बसले, कानाला ते ऐकायचं लावलं, डोळे मिटले आणि पितळी चावीवर टिकटिक सुरू केली. मी बाळाला घेऊन लांब बसले. सेटवर एक छोटा बल्ब होता, टॉर्चमधला. हे म्हणाले, चावी दाबली की बल्ब छान पेटला पाहिजे, म्हणजे हवेत चाललंय. तो पेटत होता, पण असा, जणू त्याला ताप आलाय.

कुणी बोललं नाही. दुपार झाली. यांना दुसऱ्यांचं ऐकू येत होतं, अगदी साफ, खरखर नाही. हे नाव टाकायचे, थांबायचे, टाकायचे, थांबायचे. कुणाला यांचं ऐकूच जात नव्हतं. मी पुरणपोळी खाल्ली. मला पुरणपोळी फार छान लागली.

पाडव्यालाच चैत्राची नवरात्र बसते, त्यामुळे खालच्या गावातल्या बायका देवीला पाणी घालायला येत होत्या. त्यांना वर शालू दिसला. झालं. एक एक करून सगळ्या वर. पुढे एक म्हातारी, हातात लोटा.

"काए बिन्नू, जे कौन देवी आंय?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, देवी नाही, आमचा सण आहे, गुढी आहे. पण तोपर्यंत तिने बांबूच्या बुडाशी पाणी घातलं होतं, आणि पाण्याचा ओघळ बॅटरीकडे निघाला होता. मी ओरडले. हे डोळे न उघडता टिकटिक करत होते. म्हातारीने यांच्याकडे बघितलं.

"जे बाबा बोलत काए नइयां? मौनी आंय का?"

"ते काम करतायत," सासूबाई म्हणाल्या.

"हओ, माला फेर रए," म्हातारी बाकीच्यांना समजावत म्हणाली, आणि सगळ्यांनी डोक्यावर पदर घेतला. एकीने बॅटरीवर झेंडूचं फूल ठेवलं. एकीने सेटवर कुंकू लावलं. मग म्हातारी आपल्या पोटुशी सुनेला पुढे करून यांच्या कानाशी वाकून जोरात म्हणाली, "बाबा, बहू के का हुइए?"

यांना तेव्हाच कुणाचं तरी बारीक ऐकू येत होतं. यांनी डोळे मिटूनच एक बोट वर केलं, मतलब गप्प बसा.

"एक!" म्हातारी सुनेला म्हणाली. "एकई हुइए. अच्छो है. तोरे बस कौ दो नइयां."

दोन तुला झेपणारच नाहीत, असं सासूकडून ऐकून सून एवढी लाजली आणि एवढी हसली की मला पण हसू आलं. सासूबाईंनी सगळ्यांना कडुलिंब-गूळ वाटला. बायकांनी तोंडं वाकडी केली, पण प्रसाद म्हणून गिळला, आणि त्या हसत हसत खाली उतरल्या.

यांचं मात्र तोंड उतरलं होतं. ऊन कलायला लागलं होतं. हे म्हणाले की संध्याकाळकडे लांबचं छान लागतं, आत्ताच वेळ आहे, पण माझंच जात नाहीये, काय झालंय समजत नाही. तारा बघितल्या, बॅटरी बघितली, कुंकू पुसलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काय बोलू? बोललेलं तर बोललेलं." मी पोळ्यांचा डबा भरायला घेतला.

आता बाळाचं सांगते. बाळाला मी सोडलं नव्हतं, पण त्याचं तोंड सेटकडे होतं. हे टिकटिक करत होते आणि बाळ मधेच खदाखदा हसायचं, मधेच गप्प. परत हसायचं, परत गप्प. मी बघितलं, कशाला हसतंय, तर बल्बला. बल्ब मधेच लख्ख पेटायचा आणि मधेच परत तापातला. आणि वारा आला की पेटायचा.

मी नुसतं म्हटलं, "अहो, वारा आला की बाळ हसतंय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मग बल्बकडे. मग वर. वर शालू वाऱ्याने लांब उडाला आणि बल्ब लख्ख, बाळ खदाखदा. वारा पडला, शालू परत येऊन दोन्ही तारांवर लोळला, बल्ब मेला.

"जर!" हे ओरडले. "आई, शालूची जर! दोन्ही तारांना चिकटतेय, सगळी वीज शालूतच जातेय!"

मी "वीज" ऐकून दगडामागे गेले. सासूबाई उठल्या.

"माझ्या शालूला काय झालंय?"

"आई, शालूला काही नाही झालं, जर खरी आहे म्हणून होतंय. ही आजकालची प्लास्टिकची जर असती तर काही झालं नसतं. ही अस्सल आहे."

मोठच्या त्या नणंदेने लग्नाच्या मांडवात चारचौघांत म्हटलं होतं की जर खोटी आहे. तेव्हापासूनची गोष्ट.

"परत बोल," सासूबाई म्हणाल्या.

"अस्सल आहे आई."

"हे तुझं मशीन सांगतंय?"

"हो आई, मशीनच सांगतंय. आता गुढी जरा खाली घेऊ, शालू बाजूला बांधतो, दोन मिनिटात..."

"गुढी उतरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "अट म्हणजे अट. सूर्य आहे अजून."

हे बिचारे बांबूला धरून उभेच राहिले. मग माझ्याकडे वळले. "अगं, तू त्या दगडावर उभी राहा, शालूचं टोक धर आणि तारेपासून लांब ओढून ठेव. बस एवढंच."

"मी? वीज येईल ना मला!"

"रेशमाला धर, जरीला नको. रेशमातून येत नाही. आणि चावी तर मलाच दाबायची आहे ना."

सासूबाईंनी माझ्याकडून बाळ घेतलं. मी त्या दगडावर चढले. गोल दगड, खाली उतार, वर शालू, हातात शालूचं टोक, तोंडात रामराम. मी ओढलं. बल्ब लख्ख पेटला, बाळ हसलं, आणि हे चावीवर बसले.

आता खरी गंमत ऐका. मीच तर देवाला म्हटलं होतं कुणी बोलू नको देऊस. आणि आता हातात माझ्याच सगळं. मूठ सोडली की शालू तारेवर, डबा घराबाहेर, बाळाच्या तोंडात वायर नाही, टेबलाच्या जागी पाळणा. बस हात ढिला करायचा. कुणाला कळलंही नसतं, वारा म्हणता आलं असतं. मी विचार करत होते तेवढ्यात यांनी हात वर केला. डोळे एवढे मोठे.

"आलं! कुणीतरी माझं नाव घेतलं! अर्धंच घेतलं, शेवटचं अक्षर नाही ऐकू गेलं त्याला. परत विचारतोय!"

"कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"नागपूर!"

"नागपूरला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही आई."

"मग ते का बोलतायत?"

"आई, प्लीज!"

हे परत नाव टाकायला लागले, आणि तेवढ्यात जोराचा वारा आला, शालू माझ्या हातात असा फुगला की मी दगडासकट उडते की काय असं वाटलं. खाली दिसलं सगळं, उतार, काटे, लांब रुळावरून एक मालगाडी. आणि मी घाबरले. आता माझं असं आहे की घाबरले की माझी मूठ सुटतच नाही. बाळ झालं तेव्हा मी नर्सबाईचा हात धरला होता, तो बाळ झाल्यानंतरही सुटला नव्हता, तिला चहा डाव्या हाताने प्यावा लागला. तशीच आता मूठ बसली. मनात सोड सोड चाललंय आणि बोटं ऐकत नाहीत. डोळे मिटून मी शालूला लटकून राहिले, आणि बल्ब, सासूबाई नंतर म्हणाल्या, देवघरातल्या समईसारखा स्थिर.

"पूर्ण नाव मिळालं त्याला!" यांचा आवाज आला. "आता विचारतोय, एरियल कसलं आहे? असं विचारतात एकमेकांना. काय सांगू?"

"खरं सांग," सासूबाई म्हणाल्या. "वेळू सांग. तांब्या सांग. शालू सांग, अस्सल जरीचा."

हे टिकटिकवत राहिले. मग हे हसायला लागले. "तो म्हणतो, परत सांगा."

मी डोळे मिटूनच ओरडले, "अहो, सूर्य!"

कारण डोळे मिटले तरी उजेड जातोय ते कळतं. सूर्य टेकला होता. अजून यांना त्याचं शेवटचं उत्तर यायचं होतं, ते आल्याशिवाय म्हणे झालं असं धरत नाहीत. मला वाटलं सासूबाई आता म्हणणार, उतरवा. मी एक डोळा उघडला. सासूबाई बाळाला घेऊन सूर्याकडे पाठ करून बसल्या होत्या, मोठच्या बाजूला तोंड करून.

"मला तर काही दिसत नाही बुडताना," त्या म्हणाल्या. "तुझं होऊ दे."

त्याचं उत्तर आलं. हे उठून उभे राहिले आणि ऐकायचं कानालाच असल्यामुळे सेट पण थोडा उठला. मग यांनी आईच्या पाया पडून घेतलं आणि मग माझी बोटं एक एक करून शालूपासून सोडवली.

तर डबा राहिला. मी काही बोलू शकत नव्हते, निकाल होता. पण घरी आल्यावर मी पण माझी अट घातली, टेबल जाणार आणि पाळणा येणार, डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर राहील, जिथे बाळ मोठं होऊन शाळेत जाईपर्यंत पोचणार नाही. हे म्हणाले, मग मी कसा पोचणार? मी म्हटलं, ते तुम्ही बघा.

आता हे रोज संध्याकाळी स्टुलावर उभे राहून, छताला डोकं लावून, मान वाकडी करून चावी दाबतात. कारखान्याची सुट्टी असली की कुणी कुणी उत्तरही देतं. सासूबाई खाली स्टूल धरून उभ्या असतात आणि प्रत्येकाबद्दल विचारतात, कुठला आहे, घरी कोण कोण आहे, मोठच्या आसपासचा कुणी मिळाला का. मी लांब बाळाला घेऊन बसते. भीती काही गेली नाही. पण यांचा पाय स्टुलाच्या कडेला आला की पहिली मीच ओरडते, "अहो, सांभाळून, वाक्य पुरं करा आणि मग पडा!"